माहिती त्यांची, किल्ली आपली

पोलिस ठाण्यात चोरीची फिर्याद लिहून घेताना वस्तूची माहिती विचारतात. कंपनी कोणती, रंग कोणता, पावती आहे का, आजची किंमत अंदाजे किती. माझ्या फिर्यादीत ‘काळ्या रंगाचा वापरता लॅपटॉप, किंमत अंदाजे २२,००० रुपये’ अशी नोंद झाली. रात्रीच्या बसमधून पहाटे उतरताना डोक्यावरच्या फळीवर ठेवलेली बॅग जागेवर नव्हती, एवढीच हकिकत. हवालदारांनी आपुलकीने विचारलं, “आत महत्त्वाचं काही होतं का?” मी म्हणालो, “कामाच्या फायली होत्या.” त्यांनी मान डोलावली. त्या उत्तरासाठी अर्जात रकाना नव्हता, आणि त्या उत्तराचा अर्थ तेव्हा मलाही पुरता कळलेला नव्हता.

मी लहान दवाखान्यांची संगणकाची कामं बघतो. त्या लॅपटॉपवर एका स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरबाईंच्या दवाखान्यातल्या नऊ वर्षांच्या नोंदींची प्रत होती. जुन्या प्रोग्रॅममधून नव्या प्रोग्रॅममध्ये नोंदी हलवायच्या म्हणून मी ती घेतली होती. काम संपलं, प्रत तशीच राहिली. नाव, वय, पत्ता, मोबाइल नंबर. कुणाचा गर्भपात, कुणाचे मूल होण्यासाठीचे उपचार, कुणाच्या एचआयव्ही चाचणीचा निकाल. सासरी ठाऊक नसलेल्या, कधी नवऱ्यालाही न सांगितलेल्या गोष्टी त्या बायकांनी डॉक्टरबाईंच्या टेबलासमोर बसून सांगितल्या होत्या.

मी फोन केला तेव्हा बाई काही क्षण बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, “पण तुमच्या लॅपटॉपला पासवर्ड होता ना?” मी म्हणालो, “होता.” त्या म्हणाल्या, “मग ठीक आहे.”

ते ‘ठीक आहे’ मला झोपू देईना. घरात एक जुना लॅपटॉप पडून होता, तोही पासवर्ड लावलेला. त्याचे मागचे स्क्रू काढले, हार्ड डिस्क बाहेर काढली, बाजारात काही शे रुपयांत मिळणाऱ्या यूएसबी केसिंगमध्ये बसवली आणि दुसऱ्या संगणकाला जोडली. पेन ड्राइव्ह दिसतो तशी ती दिसू लागली. माझ्या नावाच्या फोल्डरवर क्लिक केल्यावर सूचना आली की हा फोल्डर उघडायची तुम्हाला परवानगी नाही; आणि त्याच चौकटीत, परवानगी हवी असेल तर पुढे जा, असं बटणही होतं. ते दाबलं. हिरवी पट्टी थोडा वेळ सरकली आणि फोल्डर उघडला. पासवर्ड कुणी विचारलाच नाही. पहिल्या स्क्रूपासून पहिल्या फोटोपर्यंत दहा मिनिटंही लागली नव्हती.

वाड्याच्या दिंडी दरवाजाला भलंमोठं कुलूप असावं आणि मागची भिंत पडलेली असावी, तशी ही गत. लॅपटॉप सुरू करताना पासवर्ड विचारते ती ऑपरेटिंग सिस्टिम. डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला लावली की ती सिस्टिम जागीच झालेली नसते, मग विचारणार कोण? डिस्कवरची अक्षरं तर कुणीही वाचावीत अशी उघडी लिहिलेली. विंडोज असो, मॅक असो की लिनक्स, डिस्क कूटबद्ध केलेली नसेल तर वेगळं काही घडत नाही.

हे पुस्तक त्या रात्रीतून आलं आहे. लॅपटॉप आपण विकत घेतो म्हणून तो आपला. त्याच्या आतली माहिती मात्र पुष्कळदा दुसऱ्यांची असते. वकिलाकडे अशिलांची, सीएकडे व्यापाऱ्यांची, शिक्षकाकडे मुलांची, पत्रकाराकडे भरवशाने बोललेल्या माणसांची. त्यांना कुणी विचारलेलं नसतं की तुमची कहाणी मी बसच्या फळीवर ठेवू का. चोरीनंतर आपण बावीस हजारांसाठी हळहळतो आणि ज्यांचं खरं नुकसान होऊ शकतं त्यांना चोरी झाल्याचंही कळत नाही. डिस्क एन्क्रिप्शन हा विषय तांत्रिक पुस्तकांच्या कपाटात ठेवला जातो. माझ्या मते तो विश्वासाचा विषय आहे, आणि म्हणूनच तो मराठीत, साध्या माणसाला करता येईल इतक्या सविस्तरपणे सांगायला हवा असं मला वाटलं.

गाफीलपणा लहान माणसांपुरता नाही. मे २००६ मध्ये अमेरिकेच्या माजी सैनिक कल्याण खात्यातल्या एका कर्मचाऱ्याच्या मेरीलँडमधल्या घरी चोरी झाली. त्यात लॅपटॉप आणि बाहेरून जोडायची हार्ड डिस्क गेली. त्यावर सुमारे २ कोटी ६५ लाख माजी सैनिकांची आणि त्यांच्या काही जोडीदारांची नावं, जन्मतारखा, सामाजिक सुरक्षा क्रमांक होते, सगळं उघडं. चोराला हवं होतं ते यंत्र. पण जवळजवळ तीन आठवडे त्या सैनिकांना कुणी काही सांगितलं नाही. जूनअखेरीस सामान परत मिळालं, माहिती कुणी उघडलेली दिसत नाही असा तपासयंत्रणेचा निष्कर्ष निघाला. तरीही दाव्यांची तडजोड २००९ मध्ये २ कोटी डॉलरवर झाली. त्या वर्षांत डिस्क कूटबद्ध करण्याची साधनं उपलब्ध होती. ती वापरली असती तर हा सारा प्रकार एका घरफोडीच्या नोंदीत संपला असता.

नासाचं उदाहरण तर मला अधिकच अस्वस्थ करतं. मार्च २०११ मध्ये चोरीला गेलेल्या त्यांच्या एका लॅपटॉपवर आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकाच्या नियंत्रणासाठी वापरले जाणारे अल्गोरिदम होते. २०१२ च्या सुरुवातीला नासाच्या महानिरीक्षकांनी अमेरिकी संसदेच्या समितीसमोर सांगितलं की संस्थेच्या लॅपटॉप आणि तत्सम उपकरणांपैकी जेमतेम १ टक्का कूटबद्ध आहेत. एवढं जाहीरपणे सांगून झाल्यावर त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला मुख्यालयातल्या एका कर्मचाऱ्याच्या बंद गाडीतून आणखी एक लॅपटॉप गेला. पासवर्ड होता, एन्क्रिप्शन नव्हतं, आत कर्मचाऱ्यांची खासगी माहिती होती. मग हुकूम निघाला: संवेदनशील माहिती असलेला कूटबद्ध न केलेला लॅपटॉप कार्यालयाबाहेर न्यायचा नाही. चंद्रावर माणूस उतरवणाऱ्या संस्थेला जे वेळेत सुचलं नाही ते मला सुचलं नाही, यात माझं समाधान नाही. उलट धोका किती सहज नजरेआड राहतो हे त्यातून दिसतं.

आणि चोरीच व्हायला हवी असंही नाही. एमआयटीतले सिम्सन गारफिंकेल आणि अभि शेलाट यांनी वापरलेल्या १५८ हार्ड डिस्क बाजारातून विकत घेतल्या. त्यांचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. चालू स्थितीतल्या १२९ डिस्कपैकी नीट पुसलेल्या निघाल्या फक्त १२. बाकीच्यांतून क्रेडिट कार्डांचे हजारो क्रमांक, वैद्यकीय पत्रव्यवहार, खासगी मेल बाहेर आले. आपल्याकडे जुना लॅपटॉप एक्स्चेंजमध्ये देताना, दुरुस्तीला टाकताना, भाच्याला देताना काय होतं याचा विचार वाचकांनीच करावा. डिस्क पहिल्या दिवसापासून कूटबद्ध असेल तर विकताना फक्त किल्ली नष्ट करायची. उरतो तो अर्थहीन अंकांचा ढीग. एसएसडीच्या बाबतीत तर हे जास्तच खरं, कारण झीज सारखी व्हावी म्हणून एसएसडी एकच मजकूर आतल्या आत वेगवेगळ्या जागी लिहीत राहते आणि आपण ‘डिलीट’ केलेल्याच्या जुन्या प्रती कुठल्या कोपऱ्यात उरल्या ते आपल्याला दिसत नाही. म्हणून माहिती भरण्याआधी कूटबद्ध करणं उत्तम.

आता हे कूटबद्ध करणं म्हणजे नेमकं काय? लहानपणी आपण ‘च’ची भाषा बोललो आहोत. ‘मला’चं ‘चलाम’, ‘पाणी’चं ‘चणीपा’. मोठ्यांना कळू नये म्हणून बोलायचं आणि मोठ्यांना सगळं कळायचं, कारण तेही लहानपणी हेच बोललेले. गोंधळ्यांची करपल्लवी किंवा बैलबाजारात रुमालाखाली बोटं धरून केलेला सौदा यांची जात तीच: गुपित पद्धतीत असतं. पद्धत फुटली की गुपित संपलं.

याच्या नेमका उलटा विचार ऑग्युस्त केर्कहॉफ्स या भाषातज्ज्ञाने १८८३ मध्ये लष्करी गुप्तलेखनावरच्या आपल्या लेखांत मांडला. पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी चालेल अशीच असावी, गुपित राहावी ती फक्त किल्ली. आजचं सगळं एन्क्रिप्शन या एका वाक्यावर उभं आहे. डिस्कसाठी प्रामुख्याने वापरतात ती एईएस ही पद्धत योआन डामन आणि व्हिन्सेंट राइमेन या दोन बेल्जियन कूटलेखनतज्ज्ञांनी रचली, जगभरच्या तज्ज्ञांनी उघड स्पर्धेत तिच्यावर हल्ले करून पाहिले आणि नोव्हेंबर २००१ मध्ये अमेरिकेने ती प्रमाण म्हणून स्वीकारली. तिची प्रत्येक पायरी छापील आहे, कुणीही वाचावी. तरीही १२८ बिटांची किल्ली माहीत नसेल तर चाचपून पाहायच्या शक्यता होतात ३९ अंकी. सेकंदाला एक लाख कोटी किल्ल्या लावून पाहणारं यंत्र आणलं तरी सगळ्या संपायला विश्वाच्या आजवरच्या वयाच्या कोट्यवधी पट काळ लागेल.

डिस्कचा प्रश्न चिठ्ठीपेक्षा जरा वेगळा असतो. एईएस एका वेळी १६ बाइटचा तुकडा बदलते. डिस्कवर सारखे तुकडे असंख्य असतात, कोऱ्या जागाच पाहा ना. सारख्या तुकड्याचं रूपांतर सारखंच होत राहिलं तर मजकूर वाचता आला नाही तरी नक्षी दिसत राहील. म्हणून तुकडा डिस्कवर कुठे आहे तो पत्ताही रूपांतरात मिसळतात. एक्सटीएस नावाची ही रीत २००७ मध्ये प्रमाणित झाली. तोच शब्द दोन ठिकाणी लिहिला तर दोन्हीकडे वेगळाच दिसतो. हे सगळं डिस्कवर लिहिताना-वाचताना आपोआप चालू राहतं. काम संथ होईल ही भीती मला पुष्कळ जण बोलून दाखवतात. २०१० पासून प्रोसेसरमध्येच एईएससाठी वेगळ्या सूचना येऊ लागल्या, त्यामुळे नेहमीच्या वापरात फरक जाणवत नाही.

मला या रचनेतला सर्वांत सुंदर भाग वाटतो तो किल्लीच्या किल्लीचा. डिस्क ज्या किल्लीने बंद होते ती यंत्राने स्वतः यदृच्छेने बनवलेली असते, ती आपण कधी पाहतही नाही. आपला पासवर्ड फक्त ती किल्ली ठेवलेली पेटी उघडतो. म्हणून पासवर्ड बदलला तरी सगळी डिस्क पुन्हा लिहावी लागत नाही, पेटीचं कुलूप तेवढं बदलतं. क्लेमेन्स फ्रूहविर्थ यांनी २००४ मध्ये लिनक्ससाठी आणलेल्या लक्स या रचनेत एकाच किल्लीच्या आठ पेट्या ठेवता येत. आताच्या आवृत्तीत बत्तीस. एक पेटी आपली, एक कपाटातल्या पाकिटातली, एक विश्वासू भागीदाराची. आणि पेटी उघडायचा प्रत्येक प्रयत्न मुद्दाम जड केलेला असतो. आपल्याला एक-दोन सेकंद थांबावं लागतं, त्याचं काही वाटत नाही; लाखो पासवर्ड लावून पाहणाऱ्या चोराचा मात्र प्रत्येक प्रयत्नाला तेवढा वेळ आणि तेवढी मेमरी खर्च होते.

साधनांबद्दल इथे थोडक्यातच, कारण पुढची चार प्रकरणं त्यावरच आहेत. विंडोजमध्ये बिटलॉकर, मॅकमध्ये फाइलव्हॉल्ट, लिनक्समध्ये लक्स. ट्रूक्रिप्ट हे एकेकाळचं लाडकं साधन मे २०१४ मध्ये त्याच्या अनामिक कर्त्यांनी अचानक बंद केलं; त्याचा वारसा व्हेराक्रिप्ट चालवतं. अनेक नव्या लॅपटॉपवर एन्क्रिप्शन आधीच चालू असतं आणि मालकाला पत्ता नसतो, ही चांगली बातमी आहे आणि धोक्याचीही. धोक्याची का, ते पुढे येतंच.

कुलूप कितीही भक्कम असलं तरी दार उघडं असताना त्याचा उपयोग नाही. लॅपटॉप चालू असतो तेव्हा किल्ली मेमरीत असते आणि डिस्क उघडी असते. १ ऑक्टोबर २०१३ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्लेन पार्क ग्रंथालयात ‘सिल्क रोड’ या बेकायदा बाजाराचा चालक रॉस उल्ब्रिक्ट बसला होता. त्याचा लॅपटॉप कूटबद्ध आहे हे तपास करणाऱ्यांना माहीत होतं. झाकण मिटलं की सगळं हातचं जाणार. म्हणून साध्या वेशातल्या दोघांनी त्याच्या मागे भांडणाचं नाटक केलं, तो वळला, आणि उघडा लॅपटॉप समोरून उचलला गेला. याउलट ब्राझीलमध्ये २००८ मध्ये बँकर डॅनियल डांटास याच्याकडून जप्त केलेल्या डिस्क तिथल्या तज्ज्ञांनी पाच महिने आणि मग अमेरिकेच्या एफबीआयने सुमारे वर्षभर झटूनही उघडल्या नाहीत. ही उदाहरणं आरोपींची आहेत याचं मला वाईट वाटतं, पण त्यालाही कारण आहे. एखाद्या शिक्षिकेचा कूटबद्ध लॅपटॉप चोरीला गेला आणि पुढे काहीच घडलं नाही, याची बातमी होत नाही.

झाकण मिटून ‘स्लीप’मध्ये टाकलेला लॅपटॉप हीसुद्धा अर्धवट उघडी अवस्था. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवलं की वीज बंद केल्यावरही मेमरीतली अक्षरं काही सेकंद टिकतात, आणि मेमरीची चिप गार केली तर आणखी बराच वेळ. तेवढ्यात किल्ली वाचून घेता येते. बसमधला भुरटा चोर असं करणार नाही. पण प्रवासाला निघताना ‘शटडाउन’ करायला मिनिटही लागत नाही आणि मी आता तसंच करतो. शिवाय काही लॅपटॉपांत किल्ली मदरबोर्डवरच्या टीपीएम नावाच्या चिपमध्ये असते आणि यंत्र सुरू होताच ती आपोआप हाती येते. तिथे सुरुवातीचा पिन लावावा, असं माझं ठाम मत आहे. तो कसा लावायचा हे पाचव्या प्रकरणात चित्रांसह दिलं आहे.

सर्वांत अवघड भाग अर्थात किल्ली सांभाळण्याचा. माझ्या ओळखीची एक संशोधक मुलगी गावोगाव फिरून म्हाताऱ्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित करत होती. लॅपटॉप बिघडला, मदरबोर्ड बदलला आणि सुरू होताना यंत्राने लांबलचक अंकी किल्ली मागितली. एन्क्रिप्शन चालू आहे हेच तिला ठाऊक नव्हतं. किल्ली ज्या ऑनलाइन खात्यात जमा झाली होती ते खातं लॅपटॉप विकणाऱ्या दुकानातल्या मुलाने स्वतःच उघडून दिलं होतं; त्याचा ईमेल पत्ता त्यालाही आठवेना. चार वर्षांचं काम डिस्कवर शाबूत होतं आणि कुणालाही मिळणार नव्हतं. तिने गायला लावलेल्या दोन आज्या तोवर गेल्या होत्या. चोराला जे गणित अडवतं तेच मालकालाही अडवतं. ते माणूस ओळखत नाही. म्हणून या पुस्तकात एन्क्रिप्शनपेक्षा जास्त पानं बॅकअप आणि रिकव्हरी कीवर खर्च केली आहेत आणि त्याबद्दल मी वाचकांची क्षमा मागणार नाही.

पासवर्ड निवडतानाही मन दगा देतं. मुलाचं नाव, लग्नाचं वर्ष, अभंगाचा चरण, हे आपल्याला गुपित वाटतं आणि ते अंदाज करणाऱ्याच्या यादीत पहिल्या पानावर असतं. अर्नोल्ड राइनहोल्ड यांनी १९९५ मध्ये सुचवलेली फाशांची रीत मला सर्वांत प्रामाणिक वाटते. पाच वेळा फासा टाकायचा, येणाऱ्या आकड्यांवरून ७,७७६ शब्दांच्या यादीतला एक शब्द घ्यायचा, असे सहा शब्द. डॉक्टरबाईंच्या दवाखान्यातला संगणक कूटबद्ध केला त्या संध्याकाळी शेवटचा पेशंट गेल्यावर त्यांनी नातवाच्या सापशिडीतला फासा आणवला होता. मी पाठ फिरवून उभा राहिलो आणि त्यांनी एकटीने शब्द उतरवून घेतले. सुरुवातीच्या पडद्यावर मराठी कळफलक नसतो, म्हणून मराठी शब्द घेतले तरी ते रोमन अक्षरांत टाइप करावे लागतात. त्यासाठी परिशिष्टात मराठी शब्दांची यादी तशा स्पेलिंगसह दिली आहे. बाईंनी कागदाची घडी घातली आणि विचारलं, “हा आता कुठे ठेवू?” त्या एका प्रश्नाचं उत्तर हे आठवं प्रकरण आहे.

कायद्याचा उल्लेख करायला हवा. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला. माहिती सांभाळण्यासाठी वाजवी उपाय केले नाहीत तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेले आणि टप्प्याटप्प्याने लागू होणारे नियम त्या उपायांत एन्क्रिप्शनचं नाव घेतात. युरोपच्या कायद्यात तर हरवलेली माहिती नीट कूटबद्ध असेल तर प्रत्येक माणसाला कळवण्याच्या बंधनातून सूट मिळू शकते. मला दंडाच्या आकड्याने घाबरवायचं नाही. ज्या कायद्याला हे कळलं आहे की कूटबद्ध डिस्क हरवणं आणि उघडी डिस्क हरवणं या दोन वेगळ्या घटना आहेत, त्या कायद्याचा मला आधार वाटतो.

माझा चोरीला गेलेला लॅपटॉप सापडला नाही. त्या नोंदींचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही. बाईंनी आणि मी मिळून तीन दिवस बसून ज्यांचे नंबर चालू होते त्या बायकांना फोन केले. फोन दुसऱ्या कुणी उचलला तर काय बोलायचं, हे आधी ठरवावं लागलं. बहुतेक जणी शांतपणे ऐकून घेत. एकीने एवढंच विचारलं, “माझं नाव पूर्ण लिहिलेलं होतं का?” होतं.

पुस्तक वाचताना संगणक समोर ठेवावा, पायऱ्या करत करत पुढे जावं, असं त्याचं स्वरूप आहे. फक्त पहिल्या प्रकरणाला हात घालण्याआधी एक काम करा. बाहेरच्या हार्ड डिस्कवर सगळ्या फायलींची प्रत घ्या आणि त्यातल्या दोन-चार फायली उघडून पाहा. डिस्क कूटबद्ध होत असताना वीज गेली, जुनी डिस्क मध्येच दमली, तर ती प्रत लागेल. आणि काम झाल्यावर ती प्रतही कूटबद्ध करायची आहे, हे सहाव्या प्रकरणात येईल. प्रत तपासून झाली की चार्जर लावा आणि पान उलटा.